आनंदटेक : एका परीक्षकाचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाचे सुटे भाग तपासून त्यांचे गुणदोष जाहीरपणे सांगणाऱ्या एका परदेशी नियतकालिकाचा इतिहास मराठीत सविस्तर लिहावा, असे त्या इतिहासात काय आहे, हा प्रश्न वाचकाच्या मनात प्रथमदर्शनीच उद्भवेल. आणि तो सर्वथा रास्त असल्यामुळे त्याचे उत्तर ग्रंथाच्या अखेरपर्यंत लांबणीवर न टाकता येथेच देणे उचित होईल. २६ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रॅले या शहरी, आनंद लाल शिंपी या चौदा वर्षांच्या शाळकरी मुलाने, जिओसिटीज या संस्थेने आंतरजालावर फुकट देऊ केलेल्या जागेत, ‘आनंदज् हार्डवेअर टेक पेज’ या नावाने आपले परीक्षणलेखन सुरू केले. पुढे ‘आनंदटेक’ म्हणून जगभर मान्यता पावलेले ते नियतकालिक ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंद पडले. या सत्तावीस वर्षांच्या अवधीत, आरंभी तरी, त्याच्या पाठीशी सरकारी हुकूम नव्हता, विद्यापीठाची सनद नव्हती की मोठे भांडवलही नव्हते. तरीही त्याने काढलेल्या निष्कर्षांची दखल बलाढ्य कंपन्यांना घ्यावी लागली. हा अधिकार त्याला कशामुळे प्राप्त झाला, तो त्याने कसा राखला, आणि इतका अधिकार असूनही ते का टिकू शकले नाही, या तीन प्रश्नांचा शोध हे या ग्रंथाचे प्रयोजन आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर आरंभीच नमूद करतो : ज्याने आपले माप, मापण्याची रीत आणि त्या रीतीच्या मर्यादा वाचकापुढे उघड्या ठेवल्या, त्याला कोणाकडून अधिकार मागून घ्यावा लागला नाही, वाचकाने रुजुवात घेऊन तो आपण होऊन बहाल केला.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात संगणक विकत घेणे हा बऱ्याच अंशी विश्वासाचा मामला होता. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, मेमरी तिसरीची, असे भाग निवडून यंत्र जुळवून घेण्याची पद्धत तेव्हा जगभर रुळली होती, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी त्या काळी संगणक असेंबल करून घेतला असेल, त्यांना त्या खरेदीतील धाकधूक निराळी सांगावयास नको. दुकानदाराचा शब्द, वेष्टनावरील मजकूर आणि मेगाहर्ट्झचा आकडा, एवढ्याच आधारावर कष्टाचे पैसे मोजावे लागत. छापील मासिके होती, त्यांतून परीक्षणेही येत. परंतु मजकूर तयार होऊन अंक वाचकाच्या हाती पडेपर्यंत जो काळ जाई, तेवढ्या काळात बाजारातील भाव आणि माल दोन्ही बदललेले असत. ही उणीव आंतरजालाने भरून काढली. १९९६ साली टॉमस पाब्स्ट या जर्मन वैद्यकीय पदवीधराने ‘टॉम्स हार्डवेअर’ सुरू केले, आणि त्याच्या मागोमाग जी पिढी या क्षेत्रात उतरली, तिच्यात आनंद शिंपी हा वयाने अगदी लहान होता.

त्याच्या परीक्षणाचा पहिला विषय एएमडी कंपनीचा के-६ हा प्रोसेसर होता, आणि ही निवड त्या काळाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण होती. इंटेलचे वर्चस्व सर्वमान्य झालेले असताना, एप्रिल १९९७ मध्ये बाजारात आलेला हा प्रोसेसर इंटेलच्या पेंटियमसाठी बनविलेल्या सॉकेट-७ या बैठकीच्या मदरबोर्डांवर बसू शकत होता आणि किमतीनेही स्वस्त होता. तो खरोखर तोडीस तोड आहे काय, कोणत्या कामात पुढे आहे व कोणत्या कामात मागे पडतो, हे ज्याला कळेल त्याचे पैसे वाचणार होते. कंपन्यांच्या जाहिरातींवरून या प्रश्नांचा उलगडा होण्यासारखा नव्हता. दोन्ही प्रोसेसर जवळ बाळगून, एकाच कामावर दोहोंना लावून, लागलेला वेळ लिहून ठेवणाऱ्यालाच तो होणार होता. ज्याला ही खटपट साधते त्याचे वय किती, हे विचारण्याचे वाचकाला कारण पडले नाही.

पुढच्याच वर्षी अशा परीक्षणांचे सामर्थ्य सामान्य ग्राहकाच्या अनुभवास आले. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर विक्रीस काढला. त्याची नियत गती ३०० मेगाहर्ट्झ होती, आणि ती ६६ मेगाहर्ट्झच्या बसला (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या वाटेच्या गतीला) साडेचारने गुणून येत असे. हा गुणक कारखान्यातच कायम केलेला होता, परंतु बसची गती मदरबोर्डावर बदलता येई. ती ६६ वरून १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालू लागे, आणि १२८ किलोबाइटची कॅश मेमरी प्रोसेसरच्याच चिपवर असल्यामुळे ती मेमरीही त्याच वेगाने चाले. परिणामी कितीतरी महाग अशा पेंटियम-२ च्या पंक्तीला हा स्वस्त भाग जाऊन बसला. प्रत्येक नग ही वाढ सोसेलच असे नसल्यामुळे कोणत्या मदरबोर्डावर, किती व्होल्टेज देऊन, किती तास यंत्र न अडखळता चालले, याची तपशीलवार नोंद ठेवणाऱ्या परीक्षकाचे लेखन खरेदीच्या वेळी आधारभूत ठरू लागले.

या वर्गातील परीक्षकांचा धाक उत्पादकांना केव्हा जाणवला, याचा सर्वांत ठळक दाखला २००० सालचा आहे. इंटेल आणि एएमडी यांच्यातील एक गिगाहर्ट्झची शर्यत त्या वर्षीच्या मार्च महिन्यात एएमडीने जिंकली होती, आणि त्या पराभवाची भरपाई करण्याच्या ईर्ष्येने इंटेलने जुलैअखेर १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ जाहीर केला. पाब्स्ट यांच्या तपासणीत हा प्रोसेसर स्थिर राहिना. लिनक्स प्रणालीचा गाभा संकलित करण्याचे काम त्यावर तडीस जाईना. काइल बेनेट यांच्या ‘हार्डओसीपी’ या नियतकालिकालाही तसाच अनुभव आला. अखेर ऑगस्ट संपण्यापूर्वी इंटेलने दोष कबूल करून तो माल परत मागविला. जगातील अग्रगण्य चिप-उत्पादकाला बाजारात गेलेला प्रोसेसर मागे घ्यावयास लावणारी ही माणसे कोणत्याही प्रयोगशाळेची पगारदार नव्हती, आणि त्यांनी सादर केलेला पुरावा कोणालाही पुन्हा तपासून पाहता येण्याजोगा होता, एवढ्यातच त्या प्रकरणाचे सार आहे.

या परंपरेत आनंदटेकने आपली अशी जी भर घातली, ती विवेचनाच्या खोलीची होय. त्याच्या परीक्षणांची घडण बहुधा ठरलेली असे : प्रथम त्या चिपची अंतर्गत रचना समजावून सांगावयाची, मग कोणत्या मदरबोर्डावर, किती मेमरी देऊन, ड्रायव्हरची कोणती आवृत्ती वापरून मोजणी केली, त्याचा तक्ता द्यावयाचा, त्यानंतर आकडे, आणि सर्वांत शेवटी निर्णय. निर्णय शेवटी असल्यामुळे, ज्याला तो पटत नसेल त्याला मागे जाऊन नेमक्या कोणत्या पायरीवर आपला मतभेद आहे हे दाखविता येई. पुढे योहान दे खेलास यांनी सर्व्हर यंत्रांच्या, रायन स्मिथ यांनी ग्राफिक्स कार्डांच्या आणि संगणकीय रसायनशास्त्रात ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळविलेल्या इयन कट्रेस यांनी प्रोसेसरांच्या परीक्षणात हीच शिस्त पाळली. त्यामुळे संस्थापकाच्या नावाने चालणारे हे नियतकालिक संस्थापकाच्या पश्चातही आपल्या रीतीने चालू शकले.

या शिस्तीचे फळ निकट पाहावयाचे असेल तर २००८-०९ मधील एसएसडीच्या प्रकरणाकडे वळावे लागेल, आणि या ग्रंथातही त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कऐवजी फ्लॅश मेमरीवर माहिती साठविणारी ही उपकरणे तेव्हा नुकतीच ग्राहकांपर्यंत पोहोचत होती, आणि प्रत्येक कंपनी सेकंदाला किती मेगाबाइट सलग वाचले वा लिहिले जातात तो आकडा वेष्टनावर ठळकपणे छापीत होती. प्रत्यक्षात जेमायक्रॉन कंपनीचा कंट्रोलर वापरणाऱ्या स्वस्त एसएसडी घेतलेल्यांची तक्रार अशी, की मधूनच सारे यंत्र क्षणभर थिजून जाते. मार्च २००९ मध्ये शिंपी यांनी एका प्रदीर्घ लेखात याची मीमांसा केली. त्या पिढीच्या फ्लॅश मेमरीत माहिती लिहिली जाते चार किलोबाइटच्या पानात, परंतु पुसता येते ती ५१२ किलोबाइटच्या ठोकळ्यातच. म्हणजे पाटीवरील एक अक्षर दुरुस्त करण्यासाठी सारी पाटी पुसून पुन्हा लिहावी लागावी, तशी ही अवस्था आहे. एसएसडी नवी असते तोवर मोकळी पाने विपुल असल्यामुळे हा दोष झाकलेला राहतो. ती एकदा भरून गेली की प्रत्येक लहानशा नोंदीचा भार वाढतो. म्हणून कोऱ्या एसएसडीची मोजणी ही ग्राहकाची फसगत आहे, आणि ती आधी पूर्ण भरून, वापरलेल्या स्थितीत आणून मगच तपासली पाहिजे, असा दंडक त्यांनी घातला. त्याचबरोबर सलग वेगापेक्षा विखुरलेल्या लहान नोंदी लिहिण्यास लागणारा विलंब महत्त्वाचा मानला.

त्याच लेखात ओसीझेड कंपनीच्या व्हर्टेक्स या एसएसडीची हकीकत आली आहे. तिच्या आरंभीच्या फर्मवेअरची जुळणी सलग वेगाचा आकडा मोठा दिसावा अशी केलेली होती आणि लहान नोंदींच्या वेळी ती अडखळत होती. शिंपी यांनी हे कंपनीच्या प्रमुखांस स्पष्ट कळविले. प्रमुख प्रथम संतापले, कारण वेष्टनावरचा आकडा खाली आला तर माल खपणार नाही ही त्यांची भीती व्यापारी दृष्टीने अनाठायी नव्हती. परंतु अखेर त्यांनी फर्मवेअर बदलून दिले. सलग वेग थोडा उतरला आणि अडखळणे थांबले. आपल्या हातात पडलेला सुधारलेला माल ज्या ग्राहकांनी पुढे वापरला, त्यांतील बहुतेकांना या पत्रव्यवहाराची वार्ताही नसेल. परीक्षकाच्या श्रमाचा लाभ त्याचे लेखन कधीही न वाचणाऱ्यालाही होतो, हे ध्यानात आल्यावाचून या व्यवसायाचे सामाजिक मोल कळावयाचे नाही.

मोजमापाला महत्त्व आले की ते चुकविण्याच्या युक्त्याही निघतात, याचा अनुभव २०१३ साली मोबाइल फोनांच्या बाबतीत आला. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-४ या फोनाच्या एक्सिनॉस आवृत्तीत ग्राफिक्स भागाची गती सर्वसाधारण खेळांच्या वेळी ४८० मेगाहर्ट्झच्या वर जात नसे. मात्र काही ठराविक बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्या, सुरू केल्या की ती ५३३ वर चढे, म्हणजे अकरा टक्क्यांनी वाढे. हे प्रथम हेरणारा अँड्राय फ्रुमुसानू हा तरुण आनंदटेकच्या नोकरीत नव्हता. आनंदटेकमधील ब्रायन क्लुग आणि शिंपी यांनी त्याच्या शोधाची स्वतंत्रपणे पडताळणी केली, आणि फोनातील प्रणालीच्या मजकुरात त्यांना ‘बेंचमार्कबूस्टर’ हा शब्दच लिहिलेला सापडला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी अन्य उत्पादकांचेही फोन तपासले, तेव्हा ॲपल आणि मोटोरोला वगळता तपासलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येक उत्पादकाच्या कोणत्या ना कोणत्या फोनात अशी लबाडी आढळली. ज्याने हा धागा प्रथम पकडला त्या फ्रुमुसानूला पुढे आनंदटेकने आपल्या लेखकवर्गात सामील करून घेतले, आणि २०१८ मध्ये हुआवेच्या फोनांतील तशाच प्रकाराचा छडा लावण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याच फ्रुमुसानूने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलच्या नव्या प्रोसेसर-गाभ्याचे जे विवेचन केले, ते याहून निराळ्या कारणाने संस्मरणीय आहे. कंपनीने अंतर्रचनेविषयी मौन पाळले असताना, केवळ बाहेरून चाचण्या चालवून, हा गाभा एका वेळी आठ आज्ञा उलगडतो आणि सुमारे ६३० आज्ञा एकाच वेळी विचारात ठेवतो, असे अनुमान त्याने मांडले. इंटेलचे प्रोसेसर सोडून ॲपल आपल्या संगणकांत स्वतःचे प्रोसेसर का घालते आहे, याचे तांत्रिक कारण त्या एका लेखात वाचकाला गवसले.

आता नाजूक बाजू. परीक्षकाला तपासावयाचा माल बहुधा उत्पादकाकडूनच, विक्री सुरू होण्यापूर्वी, आणि अमुक तारखेपूर्वी काही प्रसिद्ध करणार नाही या करारावर मिळतो. प्रतिकूल लिहिले तर पुढचा नमुना येईलच याची हमी नसते, आणि नमुना न आला तर परीक्षण उशिरा निघून वाचक दुसरीकडे वळतो. हे बंधन सैल करण्याचा एक सरळ मार्ग आहे, तो म्हणजे स्वतःच्या पैशाने माल विकत घेणे. २०२१ च्या आरंभी जर्मनीतील एका विक्रेत्याने कोअर आय-७ ११७००के हा इंटेलचा प्रोसेसर नियोजित तारखेआधीच विकावयास काढला, तेव्हा आनंदटेकने तो दुकानातून घेऊन अधिकृत विक्रीच्या काही आठवडे आधी त्याचे संपूर्ण परीक्षण छापले. विकत घेतलेल्या मालावर कराराची बंधने लागू होत नव्हती. परीक्षकाचे स्वातंत्र्य अखेर त्याच्या जमाखर्चाशी कसे निगडित असते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

हाच जमाखर्च या इतिहासाच्या अखेरच्या पर्वाचा विषय आहे. ज्यांनी उत्पादकांची कसून परीक्षा केली, त्यांच्या ज्ञानाचे मोल उत्पादकांनाच सर्वाधिक उमगले. शिंपी ३० ऑगस्ट २०१४ रोजी निवृत्ती जाहीर करून ॲपलमध्ये गेले. क्लुगही त्याच वर्षी तेथेच गेले. ‘टेक रिपोर्ट’ या तशाच परीक्षण-नियतकालिकाचे स्कॉट वॉसन एएमडीत आणि ‘हार्डओसीपी’ चे बेनेट इंटेलमध्ये दाखल झाले. या व्यक्तींच्या प्रामाणिकपणाविषयी यत्किंचितही शंका घेण्याचे कारण नाही. परंतु समाजाच्या वतीने तपासणी करणारे उत्तम परीक्षक एकामागून एक तपासणीच्या विषयाकडे निघून जातात आणि त्यांना अडवून धरील असा मोबदला समाज देऊ शकत नाही, ही वस्तुस्थिती चिंताजनक आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आनंदटेकची मालकी पर्च या कंपनीकडे गेली. टॉम्स हार्डवेअरही त्याच कंपनीकडे असल्यामुळे एके काळचे हे दोन प्रतिस्पर्धी एका छपराखाली आले. २०१८ मध्ये दोन्ही ब्रिटनच्या फ्यूचर या प्रकाशनसंस्थेच्या मालकीचे झाले. संपादक रायन स्मिथ यांनी आणखी सहा वर्षे कारभार सांभाळला. वाचकांचा ओढा ध्वनिचित्रफितींकडे वळलेला, जाहिरातीचे उत्पन्न घटत चाललेले, आणि एका परीक्षणामागे आठवडेच्या आठवडे मोजणीत जाणारे. या तिढ्यातून वाट निघाली नाही. लेखी तंत्रपत्रकारितेची बाजारपेठ पूर्वीसारखी राहिलेली नाही व ती पुन्हा तशी होणारही नाही, हा आशय निरोपाच्या लेखात मांडून स्मिथ यांनी नियतकालिकाचे काम थांबविले. संस्थापकाच्या निवृत्तीला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली होती.

या इतिहासाच्या साधनांविषयीही चार शब्द लिहिणे अगत्याचे आहे. जुन्या मराठी मासिकांच्या बांधीव संचिका ग्रंथालयांच्या कपाटांतून काढून शंभर वर्षांपूर्वीचा वाद आजही वाचता येतो. आंतरजालावरील नियतकालिकाला ही शाश्वती नाही. ज्या जिओसिटीजवर आनंदटेकचा जन्म झाला, ती सेवा याहू कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली, आणि तेथील जे काही लेखन उरले ते हौशी संग्राहकांनी मुदत संपण्यापूर्वी धावपळ करून उतरवून घेतले म्हणून. आनंदटेकचे लेखन पुढेही वाचकांस खुले राहील असे आश्वासन बंद होते वेळी देण्यात आले. परंतु आश्वासन हे दफ्तर नव्हे, आणि एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर एका पिढीच्या तांत्रिक ज्ञानाचे जतन अवलंबून असावे, ही स्थिती इष्ट म्हणता येणार नाही. हा इतिहास त्वरेने लिहून काढण्यामागे हे एक कारण आहे.

ग्रंथाची मांडणी कालक्रमानुसार केलेली असली तरी प्रत्येक प्रकरणाच्या मध्यभागी एक विशिष्ट परीक्षण ठेवले आहे, कारण संस्थेच्या मालकीपेक्षा तिने केलेल्या कामावरून तिची ओळख व्हावी अशी माझी धारणा आहे. जेथे यंत्राची अंतर्रचना समजल्याशिवाय प्रसंगाचे मर्म कळत नाही, तेथे ती मूलभूत गोष्टींपासून सांगितली आहे. तज्ज्ञ वाचकांनी तेवढी पाने ओलांडून पुढे जाण्यास हरकत नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड, फर्मवेअर यांसारखे शब्द बाजारात आणि घरात ज्या रूपाने रूढ आहेत त्याच रूपाने ठेवले आहेत.

शेवटी वाचकाला एक विनंती. यंत्राविषयीचा कोणताही आकडा पुढ्यात आला, तर तो कोणी काढला, कोणत्या साधनांवर काढला, कोणत्या रीतीने काढला आणि कोणाच्या खर्चाने काढला, हे विचारल्याशिवाय तो मान्य करू नये. आणि या चारही प्रश्नांची लेखी उत्तरे आपण होऊन देणारा परीक्षक आढळला, तर त्याचे लेखन फुकट वाचून पुढे न जाता त्याच्या श्रमाचा मोबदला आपल्या खिशातून द्यावा. आनंदटेकला वाचक लाभले, मान्यता लाभली आणि उत्तम लेखकही लाभले. उणीव होती ती खर्च उचलणाऱ्या वाचकाची. ती भरून काढणे आपल्या हातचे आहे, आणि मराठीत कोणी असे काम आरंभील तर त्याच्या बाबतीत ते आपले कर्तव्यच ठरेल.